अ‍ॅल्युमिनियमकडून लाकडाकडे : बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या आई-बाबांसाठी

डिसेंबर १९७९मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन फलंदाजीला उतरला. या बॅटने चेंडू खराब होतोय, अशी तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअरली याने केली. पंचांनी बॅट बदलायला लावली, लिलीने चिडून ती मैदानात भिरकावली, आणि पुढे बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं क्रिकेटच्या नियमांत आलं. क्रिकेटपुरता विषय मिटला. म्हणूनच क्रिकेटवर पोसलेला मराठी बाबा न्यू जर्सीत किंवा बे एरियात मुलाला लिटल लीगमध्ये घालतो आणि पहिल्या सरावाला धातूच्या बॅटचा तो 'टिंग' असा आवाज ऐकतो, तेव्हा त्याला काहीतरी खटकतं. मग कधीतरी मूल बारा-तेरा वर्षांचं झाल्यावर कोच म्हणतो, "हिवाळ्यात जरा लाकडी बॅटने सराव करू दे." बाबा खूश होतो, दुकानात जातो, सगळ्यात देखणी काळी मेपलची बॅट आणतो. दोन आठवड्यांत मूल वैतागलेलं असतं, तळहात झोंबत असतात आणि बॅट हँडलपाशी तडकलेली असते.

हे टाळता येतं. लाकडाकडे जाणं चांगलंच आहे, पण ते कशासाठी, कधी आणि कोणत्या वजनाने, हे आधी ठरवायला हवं. दुकानात विक्रेता हे सांगत नाही आणि कोचला दर मुलामागे तेवढा वेळ नसतो.

अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये क्रिकेटच्या नेमकं उलटं घडलं होतं. मेजर लीग लाकडाला चिकटून राहिली. तिथे बॅट आजही एकसंध लाकडाचीच लागते, लांबी ४२ इंचांच्या आत, सगळ्यात जाड भाग २.६१ इंचांच्या आत. मुलांच्या खेळात मात्र लिटल लीगने १९७१मध्ये अ‍ॅल्युमिनियमला परवानगी दिली आणि कॉलेजच्या बेसबॉलने १९७४मध्ये. कारण निव्वळ व्यवहाराचं होतं. लाकडी बॅटी मोडत आणि शाळांना दर मोसमात नव्या घ्याव्या लागत. अ‍ॅल्युमिनियमची एक बॅट अख्ख्या टीमला पुरायची. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की पोकळ बॅटची भिंत पातळ ठेवली तर चेंडू लाकडापेक्षा जोरात उडतो, आणि काटकसरीसाठी आलेली वस्तू बघता बघता शर्यतीची वस्तू झाली. पिचर जेमतेम चाळीस-पन्नास फुटांवर उभा असतो. त्याच्या अंगावर येणाऱ्या चेंडूंचा वेग वाढत गेला, तशी ओरड सुरू झाली. २००७मध्ये न्यूयॉर्क शहराने हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. नॉर्थ डकोटाच्या हायस्कूलांनीही त्याच वर्षी लाकूड पत्करलं.

पुढे बंदीपेक्षा मोजमापाचा मार्ग निघाला. २०११पासून कॉलेजमध्ये आणि २०१२पासून हायस्कूलमध्ये 'बीबीकॉर' हा शिक्का आला. आदळल्यावर चेंडूला बॅटकडून किती उसळी मिळावी याची मर्यादा त्याने घातली, आणि ती मुद्दाम लाकडाच्या जवळ ठेवली. लहान मुलांसाठी १ जानेवारी २०१८पासून 'यूएसए बॅट' हा शिक्का लागू झाला. लिटल लीग, पोनी, कॅल रिपकेन या लीगांनी तो स्वीकारला. जपानच्या हायस्कूल बेसबॉलमध्येही १९७४पासून धातूची बॅट चालते. तिथे २०२४मध्ये बॅट सडपातळ आणि तिची भिंत जाड करून तिचा जोर कमी केला गेला. कोशिएनच्या हायस्कूल स्पर्धा बघणाऱ्यांना तो फरक लगेच जाणवला असेल.

एवढं सांगण्याचं कारण असं की, 'लाकूड सुरक्षित म्हणून लाकूड' हा युक्तिवाद आपल्या पालकांत अजून ऐकू येतो. वीस वर्षांपूर्वी त्यात दम होता. आज मुलाच्या हातात यूएसए किंवा बीबीकॉर शिक्क्याची बॅट असेल, तर केवळ त्या भीतीने बदल करायची गरज नाही. ट्रॅव्हल बॉलमध्ये, म्हणजे गावोगाव फिरून खेळणाऱ्या संघांच्या सामन्यांत, चालणाऱ्या 'यूएसएसएसए १.१५' शिक्क्याच्या बॅटी मात्र अजूनही जास्त सणसणीत आहेत. तिथे पिचिंग करणाऱ्या मुलाच्या आईची काळजी मला रास्त वाटते.

मग लाकूड घ्यायचं कशाला? माझ्या मते मुख्य कारण एकच. चेंडू बॅटला कुठे लागला ते लाकडी बॅट लपवत नाही.

चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ. तेवढ्यात पोकळ धातूची भिंत किंचित आत दबते आणि परत उसळते. भरीव लाकूड दबत नाही, चेंडूच चपटा होतो आणि त्या दबण्यात बरीच ऊर्जा गमावतो. शिक्क्यांनी हा फरक बराच कमी केला आहे, पण तो चेंडू बरोबर मधोमध लागला तर. बाजूला लागला की दोन्ही बॅटींतला फरक पुन्हा उघडा पडतो. धातूच्या किंवा कंपोझिटच्या, म्हणजे कार्बन तंतूंच्या, बॅटमध्ये बऱ्यापैकी लांब पट्टा कामाचा असतो. लाकडात मोक्याची जागा टोकापासून साधारण पाच ते सात इंचांच्या पट्ट्यात. क्रिकेट खेळलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बॉल मिडल झाला की हातांना काही जाणवतच नाही. कट लागली की मनगटापर्यंत झिणझिण्या जातात. हँडलकडे लागलेला चेंडू धातूच्या बॅटने इनफिल्डच्या डोक्यावरून जाऊन पडतो आणि मुलाला वाटतं आपण हिट मारली. तोच चेंडू लाकडी बॅटने पिचरच्या पायाशी घरंगळतो, हात झोंबतात, कधी बॅटही जाते.

म्हणजे लाकडी बॅटने मूल आपोआप सुधारत नाही. त्याला फक्त खरी बातमी कळते. ती ऐकून काय बदलायचं हे सांगणारं कोणी शेजारी नसेल, तर ते नुसतं हिरमुसतं.

कोणत्या वयात

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सामन्यात लाकडी बॅट देऊ नये. त्या वयात चेंडू उडाल्याचा आनंद बाकी सगळ्यापेक्षा मोलाचा असतो. टी-वर ठेवलेल्या चेंडूवर दहा-वीस फटके हौसेखातर मारू द्यावेत, बस्स. अकरा-बाराव्या वर्षी सरावातला थोडा भाग लाकडी बॅटने करायला हरकत नाही. खरा उपयोग सुरू होतो तेराव्या वर्षाच्या आसपास, कारण त्या सुमाराला सगळंच बदलतं. लिटल लीगच्या लहान मैदानावर पिचर ४६ फुटांवर असतो आणि बेस ६० फुटांवर. मधल्या टप्प्यात हे आकडे ५० आणि ७० होतात. त्यानंतर थेट मोठ्यांचं मैदान, पिचर ६० फूट ६ इंचांवर आणि बेस ९० फुटांवर. त्याच काळात बॅटही जड होत जाते. काल आउटफिल्डमध्ये सहज जाणारा चेंडू आज सेकंड बेसपाशीच पडतो. पुष्कळ मुलं याच वळणावर बेसबॉल सोडतात. आधीचा एक हिवाळा लाकडी बॅटने नीट सराव केला असेल, तर या मुलांना नवं वजन परकं वाटत नाही. या वयात मी लाकडी बॅटची शिफारस करतो ती यासाठीही. मूल पुढे प्रोफेशनल होईल वगैरे स्वप्नांसाठी नव्हे.

पंधरा-सोळा वर्षांचं मूल गंभीरपणे खेळत असेल तर गोष्ट वेगळी. 'परफेक्ट गेम'च्या वर्ल्ड वुड बॅट असोसिएशनच्या स्पर्धांना कॉलेजचे आणि व्यावसायिक संघांचे लोक खेळाडू हेरायला येतात, आणि तिथे नावाप्रमाणे लाकूडच लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड लीगमध्ये कॉलेजची निवडक मुलं उन्हाळ्यात खेळतात. ती लीग १९८५पासून लाकडावर आहे. तिथे चाललेली बॅट पुढे चालेल, असं हेरणारे लोक मानतात.

वजन, मग लांबी, मग बाकी सगळं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बोलू.

अमेरिकेत बॅटवर 'ड्रॉप' लिहिलेला असतो. इंचांतल्या लांबीतून औंसांतलं वजन वजा केलं की तो आकडा मिळतो. ३० इंचांची, उणे १० ड्रॉपची बॅट म्हणजे २० औंस, साधारण ५७० ग्रॅम. बारा वर्षांचं मूल हीच बॅट सहज फिरवत असतं. आता तेवढ्याच लांबीची मोठ्यांच्या धाटणीची लाकडी बॅट, उणे ३ची, घेतली तर ती २७ औंस, म्हणजे सव्वासातशे ग्रॅमांच्याही वर, ७६५ ग्रॅम भरते. एका फटक्यात दोनशे ग्रॅम वाढले. "एवढंच ना, क्रिकेटची बॅट तर सव्वा किलोची असते," असं आपल्यातला एखादा आजोबा म्हणेल. पण क्रिकेटची बॅट खालून लोलकासारखी येते, बेसबॉलची खांद्यावरून आडवी, पूर्ण वेगात. शिवाय लाकडी बॅट भरीव असल्यामुळे तिचं वजन टोकाकडे जास्त असतं. तराजूवर दोन बॅटी सारख्या भरल्या तरी फिरवताना लाकडी बॅट जड लागते.

ती जड लागली की मूल काय करतं ते मैदानावर उभं राहून पाहा. मागचा खांदा खाली जातो, कोपर बाहेर फाकतं, बॅटचं टोक लोंबतं आणि स्विंग लांबलचक होतो. म्हणजे जी सवय मोडण्यासाठी लाकूड आणलं, तीच सवय लाकडाने लावली.

म्हणून नियम असा ठेवा. सध्याच्या धातूच्या बॅटपेक्षा लाकडी बॅट एक इंचाने आखूड घ्यायची, दोन इंच आखूड असली तरी चालेल. वजन सध्याच्या बॅटपेक्षा दोन-तीन औंसांहून जास्त वाढू द्यायचं नाही. मुलांसाठीच्या लाकडी बॅटी मिळतात. त्यांचं बॅरल (पुढचा जाड भाग) बारीक, बहुधा सव्वादोन इंचांचं असतं आणि ड्रॉप साधारण उणे ५ ते उणे ७च्या आसपास. ३० इंचांची उणे १० वापरणाऱ्या मुलाला २९ इंचांची, २२-२३ औंसांची लाकडी बॅट शोभते. लाकूड नैसर्गिक असल्यामुळे छापलेलं वजन आणि खरं वजन यांत औंसभर फरक सर्रास असतो. दुकानात तराजू असेल तर वजन करून घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर घरच्या किचन स्केलवर करा आणि पटलं नाही तर परत पाठवा. दुकानात करायची जुनी चाचणी अशी. मुलाने एका हातात नॉबपाशी, म्हणजे हँडलच्या टोकाच्या गोळ्यापाशी, बॅट धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ समोर ताणावा. वीस-तीस सेकंदांत हात थरथरून खाली यायला लागला, तर बॅट जड आहे. "वाढत्या अंगाचं आहे, दोन वर्षं चालेल" म्हणून मोठी बॅट घेऊ नका. शाळेचा गणवेश तसा घेतला तर चालतो.

टोकाला खोबण असलेली बॅट मिळाली तर उत्तम. त्या खोबणीमुळे टोकाचं वजन कमी होतं आणि बॅट हलकी फिरते. धाटणीचे क्रमांकही पाहून घ्या. २७१ ही समतोल धाटणी, नवख्यासाठी चांगली. ११० तर आणखी बरी, कारण तिचं हँडल जाडसर असतं आणि सहज मोडत नाही. २४३ दिसायला दिमाखदार. मोठं बॅरल, बारीक हँडल, सगळं वजन टोकाला. दुकानात मूल नेमकी हीच उचलतं. तिला दोन-तीन वर्षं लांब ठेवा.

अ‍ॅश, मेपल, बर्च

क्रिकेटची बॅट म्हणजे विलो, इतकं सोपं इथे नाही.

अ‍ॅश हे बेसबॉलचं जुनं लाकूड. हलकं, थोडं लवचिक. मधोमध न लागलेला चेंडूही ते जरा सांभाळून घेतं. त्याचे रेषांचे थर मात्र वापराने बॅरलवर सुटायला लागतात, चकत्या निघतात. एकेकाळी मेजर लीगमध्ये याचंच राज्य होतं. पण २००२मध्ये मिशिगनमध्ये एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा किडा सापडला. आशियातून आलेल्या या किड्याने अमेरिकेतली अ‍ॅशची झाडं अक्षरशः संपवत आणली आहेत. चांगली अ‍ॅशची बॅट मिळणं म्हणूनच वर्षागणिक अवघड होतंय.

मेपल कठीण, दाट, थोडं जड. बॅरी बाँड्सने २००१मध्ये एका मोसमात ७३ होमरन मारले ते मेपलच्या बॅटने. त्यानंतर सगळ्यांनाच मेपल हवंसं झालं. पण मेपल मोडतं तेव्हा कसं मोडतं ते माहीत असायला हवं. अ‍ॅश बहुधा तडकतं आणि लोंबत राहतं. मेपलचे सरळ दोन तुकडे होतात आणि धारदार तुकडा उडतो. २००८च्या मोसमाच्या उत्तरार्धात मेजर लीगने मोडलेल्या २,२३२ बॅटी गोळा करून तपासल्या. त्यातल्या ७५६ बॅटींचे दोन किंवा जास्त तुकडे झाले होते, आणि मेपलमध्ये हे प्रमाण अ‍ॅशच्या कितीतरी पट होतं. मूळ कारण निघालं रेषांचा तिरकेपणा. लाकडाच्या रेषा हँडलच्या लांबीला समांतर न जाता तीन अंशांपेक्षा जास्त कललेल्या असल्या की बॅट कमकुवत होते. अ‍ॅशच्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसतात, मेपलच्या दिसत नाहीत. म्हणून मेपल आणि बर्चच्या व्यावसायिक दर्जाच्या बॅटवर हँडलपाशी शाईचा एक ठिपका टाकतात. शाई रेषेच्या दिशेने पसरते आणि कल किती आहे ते उघड होतं. मुलासाठी मेपल घ्यायचंच असेल तर असा ठिपका असलेली बॅट शोधा, आणि त्यातली शाई हँडलला समांतर पसरलीय ना, ते बघा.

बर्च या दोघांच्या मध्ये बसतं. अ‍ॅशसारखं थोडं लवतं आणि मेपलसारखं एकसंध राहतं. सुरुवातीला पृष्ठभाग मऊ असतो आणि फटके खात खात तो घट्ट होत जातो. पहिली लाकडी बॅट कोणती, असं कोणी विचारलं तर मी बर्च सांगतो.

आणखी एक पर्याय आहे, बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली बॅट. जपानमध्ये मुलं सरावाला अशी बॅट वापरतात, कारण ती सहसा मोडत नाही. आठवड्यात शेकडो फटके मारायचे असतील तर ही स्वस्त पडते. हात मात्र जबर झोंबवते. शिवाय ती एकसंध लाकडाची नसल्यामुळे सामन्यात चालायला तिच्यावर शिक्का लागतो. एकसंध लाकडी बॅटला सहसा शिक्क्याची गरज पडत नाही.

बॅट कशी धरायची, हाही लाकडाचा खास प्रश्न आहे. धातूची बॅट कुठूनही धरा, गोल ती गोलच. लाकडाला रेषांमुळे बळकट बाजू आणि कच्ची बाजू असते. अ‍ॅशवर चेंडू कडेच्या बाजूने, जिथे रेषा एकीला एक लागून दिसतात तिथे लागायला हवा. मेपल आणि बर्चवर बरोबर त्याच्या काटकोनातल्या, सपाट रेषांच्या बाजूने. मुलाला एवढं पाठ करायला लावू नका. चांगले कारागीर कंपनीचं चिन्ह त्या हिशेबानेच छापतात. चेंडू लागताना चिन्ह आकाशाकडे किंवा जमिनीकडे असावं, पिचरकडे किंवा कॅचरकडे नको. प्लेटवर उभं राहिल्यावर चिन्ह एकदा बघून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. मुलांच्या बॅटी मोडतात त्यातल्या पुष्कळ केवळ चिन्ह फिरल्यामुळे.

सराव कसा मांडायचा

मोसम संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात करा. मोसमाच्या मध्ये बदल करणं म्हणजे मुलाचा हात आणि आत्मविश्वास दोन्ही बिघडवणं. सामने मार्चपासून असतील तर फेब्रुवारीअखेर धातूच्या बॅटकडे परतायचं, हे आधीच ठरवून मुलाला सांगा. परतायचं आहे हे माहीत असलं की लाकडाचा त्रास तेवढा टोचत नाही.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त टी. दर सत्रात धातूच्या बॅटने अंग गरम करायचं, मग लाकडी बॅटने तीस-चाळीस फटके. त्याहून जास्त नकोत. हात थकल्यावर मारलेले फटके चुकीची सवय लावतात. या टप्प्यात बॅरलवर औषधाच्या दुकानात मिळणारा पायाच्या पावडरचा स्प्रे हलका मारा. चेंडू लागेल तिथली पावडर उडते आणि नेमकी जागा दिसते. दहा फटक्यांनंतर मुलाने स्वतः बॅट बघावी आणि कितीदा मिडल झाला ते सांगावं. तुम्ही मोजू नका, त्याला मोजू द्या. खुणा हँडलकडे गोळा होत असतील, तर तो चेंडूच्या फार जवळ उभा आहे. टोकाकडे असतील तर तो चेंडूपासून लांब उभा आहे किंवा घाईने पुढे लवतोय. खुणा वर-खाली विखुरलेल्या असतील तर बहुधा डोकं हलतंय.

त्यानंतर सॉफ्ट टॉस. बाजूला बसून किंवा जाळीच्या आडून समोरून हळू चेंडू टाकायचे. जाळी घ्याच. मेपलचा तुकडा उडू शकतो, आणि आपल्याकडे तर सगळं कुटुंब कौतुकाने भोवती उभं असतं. धाकट्या भावंडांनाही जाळीमागे ठेवा. मुलाला नॉबपासून इंचभर वर पकडायला सांगा. इथल्या मुलांना त्यात कमीपणा वाटतो. पण तेवढ्याने बॅट हलकी फिरते आणि टोक वेळेत येतं.

टी आणि टॉसवर चेंडू सातत्याने मिडल व्हायला लागल्यावरच केजमध्ये मशीनपुढे उभं करा, आणि मशीनचा वेग त्याच्या सवयीच्या वेगापेक्षा कमी ठेवा. पिचिंग मशीनचे कडक, खळगेदार रबरी चेंडू लाकडालाही सोसत नाहीत आणि कंपोझिटलाही. नेहमीचे चेंडू असलेली केज शोधलेली बरी. महिन्याभरात काही दिसलं नाही म्हणून कोच बदलू नका. आणि या काळात चेंडू किती लांब गेला यावर शेरे मारू नका, कृपा करून. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून "अरे, उचल ना जरा!" म्हणायची आपली सवय जुनी आहे. इथे ती आवरा. या हिवाळ्यात सरळ रेषेत इनफिल्डवरून गेलेला फटका, म्हणजे लाइन ड्राइव्ह, हीच कमाई. उंच उडालेले चेंडू लाकडी बॅटने बहुतेक झेलबाद होतात.

थंडीत हात फार झोंबतात, तेव्हा बॅटिंग ग्लोव्हज लागतातच. पण एक फायदाही आहे. कंपोझिटच्या महागड्या बॅटी ६० अंश फॅरनहाइटच्या खाली वापरू नका असं बनवणारेच सांगतात, कारण त्या गारठ्यात तडकतात. न्यू इंग्लंडच्या नाहीतर मिशिगनच्या मार्चमधल्या मैदानी सरावाला चाळीस-पन्नास डॉलरची लाकडी बॅट नेणं, साडेतीनशे डॉलरची कंपोझिट बॅट धोक्यात घालण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं.

बॅटची निगा, आणि जवसाचं तेल

क्रिकेटची नवी बॅट आणली की जवसाचं तेल चोपडायचं, जुना चेंडू मोज्यात घालून हळूहळू ठोकायचं, हे आपल्या पिढीच्या हातातच आहे. बेसबॉलच्या बॅटला तेल लावू नका. तिच्यावर लॅकरचा थर असतो, तेल आत जात नाही आणि बॅट निसरडी होते. ठोकण्याचीही गरज नाही. जुने खेळाडू अ‍ॅशची बॅट हाडाने किंवा बाटलीने घासून तिची छिद्रं दाबून टाकत. बाजारातल्या पुष्कळ बॅटी आता घोटूनच येतात.

निगा म्हणजे मुख्यतः पाणी आणि ऊन यांपासून राखणं. लाकूड दमट हवेत पाणी शोषतं आणि जड होतं. फ्लोरिडात किंवा ह्यूस्टनला राहणाऱ्यांनी बॅट गॅरेजमध्ये ठेवू नये, घरात ठेवावी. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. ओल्या गवतावर टाकू नका, कुंपणाला टेकवून ठेवू नका, आणि रागाने जमिनीवर आपटू तर मुळीच देऊ नका. लाकडात गेलेली बारीक चीर बाहेरून दिसत नाही. ती पुढच्या फटक्याला बोलते.

दर सरावाआधी हँडलपासून बॅरलपर्यंत बोटं फिरवून बघा. मग नॉब सिमेंटवर हलका टेकवून आवाज ऐका. चांगली बॅट खणखणते, तडकलेली बद्द वाजते किंवा आतून गुणगुणते. तडकलेली बॅट टेप लावून चालवू नका. आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटला सुतळी-टेप लावून वर्ष काढायची रीत आहे. ती टेनिस बॉलपुरती ठीक. इथे हँडल तुटलं तर पुढचा भाग पिचरकडे जातो. अशी बॅट मधोमध कापून टाका, म्हणजे पुन्हा कोणी उचलणार नाही.

बॅट मोडली की मूल घाबरून घरी सांगत नाही, असंही होतं. पहिल्या वर्षी एखादी बॅट मोडणारच, हे आधीच सांगून टाका आणि खर्चात धरा. मुलांच्या लाकडी बॅटी साधारण तीस ते ऐंशी डॉलरला मिळतात. एक खेळायची आणि एक स्वस्त बांबूची सरावाला, अशी जोडी केली तर हिशेब बसतो. नाव कोरलेली, दोनशे डॉलरची व्यावसायिक दर्जाची बॅट वाढदिवसाला द्यायचा मोह आवरा. ती भिंतीवर लागते किंवा तिसऱ्या दिवशी मोडते.

कुठल्याही स्पर्धेला जाण्याआधी त्या लीगचं नियमपुस्तक बघा, कोचच्या तोंडी शब्दावर राहू नका. बॅटचा शिक्का, बॅरलची जाडी आणि ड्रॉप यांचे नियम प्रत्येक लीगचे वेगळे असतात आणि काही वेळा वयोगटागणिक बदलतात. चिकटवलेल्या पट्ट्यांच्या बॅटबद्दल तर विचारून घ्याच. हात घट्ट बसावा म्हणून मोठी मुलं हँडलवर पाइन टार चोपडतात, ते लहानांच्या बहुतेक लीगांत चालत नाही. पंचाने मधूनच बॅट बाजूला काढायला सांगितली, तर मुलाला भर मैदानात अवघडल्यासारखं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी लीगच्या अधिकाऱ्याला एक ईमेल करा, बॅटचा फोटो जोडा, आणि उत्तर फोनमध्ये जपून ठेवा. बॅगेत मात्र धातूची बॅटही असू द्या.